लाइन सोडायची नाही! ओलांडता न येणाऱ्या वाटेतल्या कणांची गोष्ट

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय भौतिकशास्त्रातला आहे, पण सुरुवात कापसाच्या लाइनपासून करतो. परभणी जिल्ह्यातल्या निम्म्या श्रोत्यांना ही लाइन माहीत असेल. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, कुठलंही नाव घ्या. हंगामात खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, छोटा हत्ती असं सगळं एकामागे एक लागलेलं असतं.

दोन रात्री

मी दहावीत होतो. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक पिकअप ठरवून कापूस भरला आणि मला सोबत घेतलं. कोणतं केंद्र ते सांगत नाही, कारण मुद्दा केंद्राचा नाही. पोचलो तेव्हा मी उतरून पुढपर्यंत चालत गेलो आणि गाड्या मोजल्या. आमच्या पुढे एकशे चाळीसच्या आसपास गाड्या होत्या. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. पुढच्याला ओलांडायची सोयच नव्हती. आणि समजा असती, तरी ओलांडू दिलं असतं का कुणी?

आण्णांचं एकच वाक्य होतं, “लाइन सोडायची नाही.” जेवायला जायचं तरी एकाने गाडीजवळ थांबायचं.

आता यात नेमकं काय पणाला लागलं होतं, ते शेती नसलेल्या मित्रांसाठी सांगतो. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असेल तर जेवढा जास्त तेवढी कपात. १२ च्या वर गेला की कापूस परत. आणि आम्ही उभे होतो डिसेंबरात, उघड्यावर, दोन रात्री. पहाटे ताडपत्रीवर हात फिरवला की ओला व्हायचा. शिवाय पिकअपवाल्या मामांचं वेगळंच टुमणं, “आण्णा, गाडी खोटी होतीया.” म्हणजे भाडंही वाढत होतं. आणि लाइनच्या कडेने व्यापाऱ्याचा माणूस फिरत होता. भाव कमी, पण रोख आणि आत्ता.

म्हणजे प्रश्न साधा होता. ही लाइन किती वेळात सरकेल? याचं उत्तर आधी माहीत असतं, तर थांबायचं की निघायचं ते ठरवता आलं असतं. आम्हाला माहीत नव्हतं. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे ‘ओलांडता येत नाही अशा वाटेत एखादा किती पुढे जातो’ यावर, जगभरात सत्तर वर्षं काम चालू आहे. फक्त तिथे पिकअप नाही, कण असतात.

पुढे आपण जातो, मागे जागा जाते

पहिली गंमत मला त्या लाइनीतच दिसली होती, फक्त तिला नाव माहीत नव्हतं. गेट उघडलं की पहिली गाडी आत जायची. पुढे हॉर्न वाजायचे, आरडाओरडा ऐकू यायचा. पण आमची गाडी जागची हलायची नाही. बऱ्याच वेळाने आमच्या पुढची ट्रॉली गुरगुरायची आणि मग आम्ही एक गाडीभर पुढे.

का? कारण पहिली गाडी आत गेली की तिच्या जागी एक रिकामी जागा तयार होते. दुसरी गाडी त्या जागेत सरकते, म्हणजे रिकामी जागा दुसऱ्या नंबरवर येते. मग तिसऱ्या. गाड्या पुढे जातात आणि रिकामी जागा मागे चालत येते. प्रत्येक ड्रायव्हरने गाडी चालू करून सरकायला फक्त पाच सेकंद घेतले असं धरा. एकशे चाळीस गुणिले पाच म्हणजे सातशे सेकंद. जवळपास बारा मिनिटं. आणि मधल्या एखाद्याला झोप लागली असेल, तर जागा तिथेच थांबते.

म्हणून कुठल्याही लाइनचा अभ्यास करायचा तर माणसांकडे बघू नका, रिकाम्या जागांकडे बघा. शास्त्रज्ञही तेच करतात.

आधी मोकळा कण समजून घेऊ

आता गाड्या जरा बाजूला ठेवू. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की पाण्यातले बारीक कण आपोआप थरथरत असतात, कधी इकडे, कधी तिकडे. १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्याचं गणित मांडलं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी कणाला धडका देतात, म्हणून तो भरकटतो.

या भरकटण्याचा एक नियम आहे. दुप्पट लांब जायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. दहापट लांब जायला शंभरपट वेळ. कारण कण सरळ जात नाही, गेलेलं अंतर परत मागेही येतो. रात्री जत्रेतून झोकांड्या खात घरी निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. चालतो पुष्कळ, पोचतो कमी.

समजा एखादा कण एका सेकंदात एक पाऊल सरकतो. तर दहा पावलं लांब जायला शंभर सेकंद. शंभर पावलं जायला दहा हजार सेकंद, म्हणजे साधारण पावणेतीन तास. हा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

आता त्याला नळीत घाला

हाच कण एका इतक्या अरुंद नळीत घाला की दोन कण शेजारी-शेजारी मावणारच नाहीत. नळीत पुढे-मागे अजून कण आहेत, सगळे थरथरताहेत, दिशा कुणालाच नाही. एकच अट, ओलांडायचं नाही. आता काय होईल?

आपला कण दोन पावलं पुढे जाऊ बघतो आणि पुढच्याला धडकतो. पुढचा हलला तर याला जागा. पण पुढच्यालाही त्याच्या पुढच्याने अडवलेलं. म्हणजे याला दहा पावलं पुढे जायचं असेल, तर पुढच्या सगळ्यांनी सरकायला हवं. आपली चाल आपली राहिलीच नाही, ती पूर्ण लाइनची झाली.

गणित असं निघतं: अशा नळीत दुप्पट लांब जायला सोळापट वेळ लागतो. दहापट लांब जायला दहा हजारपट. मगाचाच हिशेब परत करा. एका सेकंदाला एक पाऊल, तर दहा पावलांना दहा हजार सेकंद, पावणेतीन तास. आणि शंभर पावलांना दहा कोटी सेकंद. म्हणजे तीन वर्षं दोन महिने!

मोकळा कण जे अंतर पावणेतीन तासांत काटतो, त्याला नळीतल्या कणाला तीन वर्षं. कण तोच, थरथर तीच. फक्त ओलांडायची मुभा काढून घेतली.

हे सोळापट कुठून आलं? ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनीही थांबा, नाणेफेकीपुरतंच आहे. दहा हजार सेकंदांत एकटा कण साधारण शंभर पावलं भरकटू शकतो, हे आपण पाहिलं. म्हणजे एवढ्या वेळात तुमच्या डावीकडचे शंभर-एक आणि उजवीकडचे शंभर-एक कण तुमच्यापर्यंत ढकलाढकल पोचवू शकतात. डावीकडचे तुम्हाला उजवीकडे रेटणार, उजवीकडचे डावीकडे. दोन्हीकडचा रेटा जवळपास सारखा, म्हणून बराचसा कटून जातो. शंभर वेळा नाणं उडवलं तर छापा आणि काटा बरोबर पन्नास-पन्नास येत नाहीत, साधारण दहा-एकचा फरक पडतो. तोच फरक तुमच्या वाट्याला येतो. शंभराचे उरले दहा. म्हणून दहा हजार सेकंदांत दहाच पावलं.

ही गोष्ट गणिती पद्धतीने पक्की सिद्ध केली टी. ई. हॅरिस यांनी, १९६५ मध्ये. या प्रकाराला इंग्रजीत ‘सिंगल-फाइल डिफ्यूजन’ म्हणतात. मराठीत आपण ‘एका रांगेचं विसरण’ म्हणू.

नाव पुसलं तर?

आता माझा सगळ्यात आवडता भाग. दोन सारख्याच गोट्या एका खाचेत समोरासमोर सोडा. त्या धडकतील आणि परत फिरतील. पण धडकायच्या क्षणी तुम्ही डोळे मिटले आणि उघडले, तर तुम्हाला काय दिसेल? एक गोटी डावीकडे चाललीय, एक उजवीकडे. त्या धडकून परत फिरल्या की एकमेकींतून आरपार गेल्या, सांगताच येणार नाही, कारण दोघी सारख्याच दिसतात.

म्हणजे कणांवर नावं लिहिलेली नसतील, तर ओलांडता न येणारी गर्दी आणि ओलांडता येणारी गर्दी अगदी सारखीच पसरते! एकूण गर्दी मोकळ्या कणांच्याच नियमाने पसरते. फरक कधी कळतो? एखाद्या कणावर नाव लिहून त्याच्या मागावर राहिलं की. तो मात्र तिथल्या तिथेच घुटमळत असतो.

मला हे वाचताना ती लाइनच आठवली. केंद्राच्या रजिस्टरमध्ये दिवसभराची आवक बरोबर चाललेली दिसत असेल. इतके क्विंटल आले, इतके गेले. सगळं ठीक. पण लाइनीतल्या एका माणसाच्या जागी उभं राहून बघितलं, तर जगच थांबलेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. म्हणून ‘काम तर चालू आहे’ म्हणणारा आणि ‘काहीच सरकत नाही’ म्हणणारा, दोघेही खोटं बोलत नसतात. एक जण गर्दी मोजतोय, दुसरा स्वतःचं नाव शोधतोय.

मज्जातंतूतली लाइन

“दादा, हे सगळं कागदावरच आहे का?” असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. नाही. हे आत्ता, हा मजकूर वाचताना, तुमच्या शरीरात चाललंय.

१९५५ मध्ये अॅलन हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्याच्या नात्यातल्या एका समुद्री प्राण्याचा जाड मज्जातंतू त्यांनी घेतला आणि त्यातून पोटॅशियम आत-बाहेर कसं जातं ते किरणोत्सारी पोटॅशियम वापरून मोजलं. (हे कीन्स म्हणजे चार्ल्स डार्विनचे पणतू. उगीच सांगून ठेवलं.) त्यांना दिसलं की मुख्य प्रवाहाच्या उलट जाणारे कण अपेक्षेपेक्षा फारच कमी आहेत. प्रत्येक कण स्वतंत्रपणे जात असता तर असं झालं नसतं. त्यांनी निष्कर्ष काढला की वाट अरुंद असावी आणि तिच्यात एका वेळी दोन-तीन कण रांगेत असावेत. उलट जायचं तर रांगेतल्या सगळ्यांना मागे रेटावं लागणार. लाइनीत तोंडाशी पोचलेली गाडी कधी रिव्हर्स घेऊन बघा, म्हणजे कळेल.

ही वाट प्रत्यक्ष कशी दिसते हे कळायला १९९८ उजाडलं. रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडली. त्यातला सगळ्यात अरुंद भाग सव्वा नॅनोमीटरच्या आसपास लांब, आणि त्यात पोटॅशियमचे आयन खरंच एकामागे एक उभे! एका टोकाने नवा आयन आत घुसला की दुसऱ्या टोकाचा बाहेर पडतो. पाण्यासाठीही अशीच वाट आहे, तिला अॅक्वापोरिन म्हणतात. ती पीटर अॅग्रे यांनी शोधली. तिच्यातून पाण्याचे रेणू एका ओळीत जातात, आणि तरी सेकंदाला अब्जावधी जातात. या दोघांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग निसर्गाने वाट इतकी अरुंद का ठेवली? कारण अरुंद वाटेवर निवड करता येते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही या वाटेतून सहसा जाऊ शकत नाही, कारण वाटेचं माप बरोबर पोटॅशियमचं आहे. तुमच्या हृदयाचा ठोका, मेंदूतला संदेश, सगळं या निवडीवर चालतं. म्हणजे अरुंद गेट ही नेहमीच वाईट गोष्ट नाही. तपासणी करायची असेल तर गेट अरुंदच लागतं. फक्त ते किती लांब आहे आणि दारातून किती पटापट सोडलं जातं, यावर सगळं अवलंबून.

आपल्याच काळ्या दगडात

आता परत आपल्या भागात येऊ. परभणीची काळी माती ज्या दगडापासून झाली तो बेसॉल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत नंतर पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. महाराष्ट्रात विहिरी खोदताना, खाणीत, असे दगड सापडतात. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे त्यांचं. सहल काढण्यासारखी जागा आहे.

या स्फटिकांपैकी बरेच झिओलाइट असतात. झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेड यांनी तो तापवला तर त्यातून वाफ निघाली, म्हणून हे नाव. ही वाफ कुठून आली? झिओलाइटच्या आत रेणूच्या मापाचे बोगदे असतात आणि त्यात पाणी बसलेलं असतं. मॉर्डेनाइट नावाचा झिओलाइट आपल्या दख्खनच्या दगडातही मिळतो. त्याचे मुख्य बोगदे एकाच दिशेने जातात आणि जेमतेम पाऊण नॅनोमीटरहून कमी रुंद असतात. मोठ्या रेणूंना तिथे एकमेकांना ओलांडता येत नाही. विहिरीच्या मलब्यात पडलेल्या पांढऱ्या खड्यात अशा अब्जावधी लाइनी असू शकतात, विचार करा!

पेट्रोलियम शुद्धीकरणात झिओलाइट उत्प्रेरक म्हणून वापरतात, म्हणून त्यातून रेणू किती वेगाने बाहेर येतात हा पैशाचा प्रश्न आहे. १९९६ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या गटाने, म्हणजे कार्गर आणि सहकाऱ्यांनी, एनएमआर वापरून अशा सरळ बोगद्यांतला वायू तपासला. एनएमआर म्हणजे दवाखान्यातल्या एमआरआयमागचं तत्त्व. त्यांना एका रांगेच्या विसरणाची खूण दिसली.

मग २००० मध्ये जर्मनीतल्याच कॉन्स्टान्झमध्ये वाय, बेशिंगर आणि लायडरर यांनी हे थेट डोळ्यांनी पाहण्याची सोय केली. त्यांनी गोल रिंगणासारख्या बारीक खाचा केल्या, त्यात पाणी आणि काही मायक्रॉनचे कण सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक कणाच्या मागावर राहिले. रिंगण यासाठी की लाइनला टोकच नको. हॅरिसचा नियम समोर दिसला, १९६५ च्या गणितानंतर पस्तीस वर्षांनी.

दिशा असलेली लाइन आणि मुंबईचं काम

आता तुमच्यातला हुशार श्रोता म्हणेल, “पण तुमच्या गाड्या काही थरथरत नव्हत्या. त्यांना पुढेच जायचं होतं.” बरोबर. त्यासाठी वेगळं मॉडेल आहे. एक ओळ, तिच्यात घरं. पुढचं घर रिकामं असेल तरच उडी, नाहीतर थांब. मागे जायचं नाही. हे मॉडेल १९६८ मध्ये मॅकडोनाल्ड, गिब्ज आणि पिपकिन यांनी पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसाठी मांडलं. रायबोसोम आरएनएच्या धाग्यावरून एकामागे एक सरकतात, आणि तिथेही ओलांडणं नाही.

या मॉडेलवर आपल्या महाराष्ट्रात मोठं काम झालंय. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. तिथल्या दीपक धर यांनी १९८७ मध्ये दाखवलं की अशी दिशा असलेली लाइन विस्कटली तर सावरायला किती वेळ लागतो. लाइन चौपट लांब केली तर सावरायला आठपट वेळ. नुसती थरथरणारी, दिशा नसलेली लाइन असती तर सोळापट. १९९१ मध्ये तिथल्याच सत्या मजुमदार आणि मुस्तनसिर बर्मा यांनी अशा लाइनीतल्या एका ‘नाव लिहिलेल्या’ कणाच्या मागावर राहण्याचं गणित केलं. दीपक धर पुढे पुण्याच्या आयसरमध्ये होते, आणि २०२२ मध्ये त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

या मॉडेलमधून दोन गोष्टी निघतात, त्या तुम्ही आयुष्यभर वापराल.

पहिली. लाइन सगळ्यात जास्त कधी वाहते? पूर्ण भरल्यावर? नाही. निम्मी रिकामी असताना! पुढे जायला दोन गोष्टी लागतात: तुम्ही हवेत, आणि पुढे जागा हवी. घरं ९० टक्के भरलेली असतील तर तुम्ही असण्याची शक्यता ०.९, पुढे जागा असण्याची ०.१, गुणाकार ०.०९. घरं ५० टक्के भरलेली असतील तर ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. जवळपास तिप्पट. गाड्या कमी, पण प्रवाह जास्त.

दुसरी. बाहेर पडायचं दार हळू असेल, तर सगळ्या लाइनीचा वेग ते एकटं दार ठरवतं. मागून कितीही गाड्या आणा, कितीही हॉर्न वाजवा, वेग तोच. मागून रेटा वाढवल्याने फक्त लाइन लांब होते. हे गणित १९९३ मध्ये डेरिडा, इव्हान्स, हकीम आणि पास्किए यांनी नेमकं सोडवलं.

त्या रात्री आम्ही सगळे पुढच्या ट्रॉलीवाल्यावर चिडत होतो. तो आमच्यासारखाच अडकलेला, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे दहा जण ओरडताहेत. शंभर मीटरवरचं दार दिवसाला किती गाड्या घेतं, वजनकाटे किती आहेत, ओलावा बघणारा माणूस एकटाच आहे का, हे विचारायला कुणी गेलंच नाही. मीही नाही.

मग करायचं काय?

अडकलेल्या वाटेवर उपाय दोनच. एक, मध्ये कुठेतरी वाट रुंद करायची. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला रेल्वेने जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एकेरी मार्गावर समोरून गाडी येणार असली की आपली गाडी एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबते. ‘क्रॉसिंग आहे’ असं म्हणत आपण चहा शोधतो. तो बाजूचा रूळ नसता, तर दोन्ही गाड्या समोरासमोर कायमच्या उभ्या. झिओलाइटमध्येही ज्यांचे बोगदे एकमेकांना छेदतात, तिथे रेणूंना असं बाजूला व्हायला जागा मिळते. आणि पूर्ण वाटच रुंद करायची तर दुसरा रूळ. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, ते याचसाठी.

दोन, नंबर लाइनीत ठेवायचा पण शरीर घरी ठेवायचं. मगाशी म्हटलं ना, नाव आणि गर्दी वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामासाठी ‘कपास किसान’ हे अॅप आणलं. त्यात शेतकऱ्याने नोंदणी करायची आणि कापूस आणायची तारीख-वेळ फोनवरच घ्यायची, अशी सोय आहे. अॅपने दार रुंद होत नाही, हे लक्षात ठेवा. दिवसाला जितक्या गाड्या दार घेणार तितक्याच घेणार. पण वाट बघायची ती घरी, छपराखाली, कोरड्या कापसासोबत. उघड्यावर दवात नाही. ८ टक्क्यांच्या कापसाचा १० टक्क्यांचा कापूस होत नाही. तुमच्या घरी फोन तुमच्याच हातात असतो, म्हणून हे काम तुमचंच आहे. आईवडिलांची नोंदणी करून द्या. रील नंतर बघा.

आमचं काय झालं? तिसऱ्या दिवशी दुपारी आमचा नंबर लागला. ओलावा ८ च्या वर निघाला आणि कपात झाली. घरून निघताना तो कापूस दातात कडकडत होता. आण्णा भांडले नाहीत. पावती घेतली, खिशात ठेवली आणि ताडपत्रीची नीट घडी घातली. परत येताना मला म्हणाले, “लाइन लई मोठी होती, एवढंच.” मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, की हे कुणाला काही बोलत का नाहीत. आता वाटतं, चूक लाइनीची नव्हती आणि लाइनीतल्या कुणाचीही नव्हती, हे त्यांना बरोबर कळलं होतं. फक्त बघायचं होतं ते दाराकडे.

घरी करून बघा

पारदर्शक बॉलपेनची रिकामी नळी घ्या. मूग एकएकटा सरकेल, पण दोन मूग शेजारी मावणार नाहीत इतकी अरुंद हवी. थोडे मूग टाका, मग एक काळा उडीद, मग परत मूग. थोडी जागा मोकळी सोडून दोन्ही टोकं बंद करा आणि आडवी धरून हलवा. पाच मिनिटं हलवली तरी उडीद दोन्ही बाजूंच्या त्याच मुगांच्या मधेच असेल, आणि फार तर थोडासा सरकलेला. मग तेच दाणे ताटलीत टाकून हलवा. उडीद कुठल्या कुठे जाईल. दाणे तेच, हात तोच.

पुढच्या वेळी बँकेत, एसटीत किंवा रेशनच्या दुकानात लाइनीत असाल, तेव्हा एक मोजा. पहिला माणूस हलल्यापासून रिकामी जागा तुमच्यापर्यंत यायला किती सेकंद लागले? तो आकडा आणि तुमचा नंबर कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात आपण सगळ्यांचे आकडे एकत्र लावून बघू.

तोपर्यंत काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!